जागा नव्हती म्हणून तारीख

आर्टी रुसला आहे. शिकागोतल्या एका कचेरीत तो कारकुनी करतो, संध्याकाळी कॉलर नीटनेटकी करून मैत्रिणीला भेटायला जातो, आणि हल्ली ही आपल्याला टाळते आहे असा त्याला दाट संशय आहे. शेवटी एकदा तो तिला विचारूनच टाकतो. माझ्या सगळ्या डेट्स आता तो दुसराच भरत असेल, नाही का? साल 1896. दोघांनी ठरवून भेटण्याला 'डेट' म्हटल्याचा छापील पुरावा कुणी मागितला, की बहुतेक वेळा या रुसलेल्या कारकुनाचंच वाक्य पुढे केलं जातं.

मला त्यातलं 'भरणं' फार आवडतं. काळीज तुटलं, झोप उडाली, असलं काही आर्टी म्हणत नाही. मैत्रिणीचा आठवडा त्याला हजेरीपटासारखा दिसतो. चौकोन आखलेले आहेत, त्यांतले काही आपल्या नावाचे होते आणि आता तिथं दुसऱ्याचीच सही पडते. दिवसभर रकाने भरणारा माणूस संध्याकाळी प्रेमातही रकानेच बघणार, दुसरं काय!

आर्टी हे कागदावरचं पात्र, आणि ते लिहिणारा जॉर्ज एड हा वर्तमानपत्रातला माणूस. इंडियाना राज्यातल्या केंटलंड या लहानशा गावात 1866 साली जन्मला, पर्ड्यू विद्यापीठात शिकला आणि 1890 मध्ये शिकागोत आला. कॉलेजातला त्याचा दोस्त जॉन मॅककचन आधीच तिथं चित्रकार म्हणून चिकटला होता, आणि दोघं भाड्याच्या एकाच खोलीत राहत. 1893 मध्ये शिकागोत ते अवाढव्य जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक असतं. शिकागोकरांना मात्र 264 फूट उंच फेरिस चक्रासाठी आठवतं, ज्यात बसायला 50 सेंट पडत. प्रदर्शनाच्या बातम्या देता देता एडला रस्त्यावरच्या माणसांकडे बघायची गोडी लागली. प्रदर्शन उठलं आणि त्याचं नवं सदर सुरू झालं, शहरातल्या गल्ल्यांतल्या गोष्टींचं. चित्रं मॅककचनची. दुकानातल्या मुली, कारकून, ट्रामचे कंडक्टर, खानावळीतले भिडू जसे बोलतात तसंच एड लिहायचा. तेव्हा 'डेट' त्यानं घडवला असं म्हणण्यात अर्थ नाही. तो शब्द आधीच पोरांच्या तोंडी असणार. त्यानं फक्त कान उघडे ठेवले.

शब्द म्हणून 'डेट'चं पूर्वायुष्य सज्जन आहे. रोमन लोक पत्राच्या शेवटी 'डाटा रोमाए' असं लिहून पुढं दिवस घालत. म्हणजे अमुक दिवशी हे पत्र रोमहून रवाना होण्यासाठी हाती दिलं. त्यातला 'डाटा' म्हणजे 'दिलेलं', आणि आपला दत्त, दान, देणं हे सगळं त्याचंच दूरचं भाऊबंद आहे. पुढं फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत 'दिलेलं' कुठंतरी गळालं आणि दिवस तेवढा शिल्लक राहिला. (खजुराला इंग्रजीत डेट म्हणतात त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही. तो ग्रीकांच्या 'बोट' या शब्दावरून आला. आमच्याकडे रमजानात खजुराच्या पेट्यांवर हा विनोद दर वर्षी कुणीतरी करतंच, म्हणून सांगून टाकलं.) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, 1880 च्या दशकात, अमेरिकेत 'डेट' म्हणजे ठरवलेली भेट असाही अर्थ रुळू लागला. वकिलाची, व्यापाऱ्याची, कुणाचीही.

इथपर्यंत कोश सांगतो. पण मला प्रश्न पडतो तो पुढचा. दोन माणसं एकमेकांना आवडतात, भेटतात, आणि त्या भेटीला नाव काय मिळतं, तर तारीख! जागेवरून नाव पडू शकलं असतं. जे करायचं त्यावरून पडू शकलं असतं, फिरणं, नाचणं, गप्पा मारणं. वेळेवरूनच का पडलं?

याचं उत्तर त्याआधी लोक कसे भेटत यात आहे. अमेरिकेतल्या खात्यापित्या घरांत त्या भेटीला 'कॉलिंग' म्हणत. मुलगी वयात आली, की तिची आई निवडक तरुणांना कळवायची, अमुक वारी आम्ही घरी असतो. एकदोन हंगाम गेले की मुलगी स्वतःही बोलावणं देऊ शके. मुलानं 'मी येऊ का' असं विचारणं मात्र गावंढळपणाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका प्रसिद्ध अमेरिकन स्त्री-मासिकाच्या सल्ल्याच्या सदरात एका तरुणानं विचारलं होतं, मला एक बाई फार आवडतात, पण त्यांनी बोलावलेलं नाही, तर जाऊ का? उत्तराचा मथितार्थ असा : नाही जायचं. तुमच्या वागण्यातून त्यांचा सहवास आवडतो एवढं दिसू द्या, म्हणजे कदाचित बोलावतील.

बरं, बोलावणं आलं तरी पुढं कवायत होतीच. दारात मोलकरणीच्या हाती नावाचं कार्ड द्यायचं. 'बाईसाहेब घरी नाहीत' असं उत्तर आलं, तर वरच्या खिडकीत त्यांची सावली दिसत असली तरी त्या घरी नाहीत असंच समजून परत फिरायचं. आत घेतलंच तर दिवाणखान्यात बसायचं. मुलगी पियानो वाजवणार. आई तिथंच, नाहीतर शेजारच्या खोलीत विणकाम घेऊन. पाहुण्याला खायला द्यावं की नाही यावर लेख लिहिले जात. बोलायचं काय, तर त्याच्या आवडीच्या विषयांवर, पण फार खासगी नको. आणि तो निघाला की मुलीनं दारापर्यंत जायचं नाही. तो कोट चढवत असताना तिथं रेंगाळत बोलायचं तर नाहीच नाही. हे शेवटचं कलम लिहिणाऱ्या बाईंना माणसांची चांगली पारख असली पाहिजे. कारण खरं बोलणं नेमकं दारातच होतं.

आपल्याला यावरून कांदेपोहे आठवणं स्वाभाविक आहे. मलाही आठवले. पण थोडं थांबलं तर दिसतं, की सत्ता उलट्या बाजूला आहे. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात घर मुलीचं, पोहे मुलीच्या हातचे, सतरंजी तिच्या बापानं शेजारून आणलेली, आणि 'कळवतो' म्हणायचा हक्क मात्र पाहुण्यांचा. अमेरिकन दिवाणखान्यात पाहुणा उमेदवार होता. कुणी यायचं, कधी यायचं, परत यायचं का, हे घरातल्या बायका ठरवत. मला ती पद्धत सुखाची वाटत नाही, बाहेर पडताच न येणाऱ्या मुलीला दारावरचा पहारा कितीसा पुरणार! तरी दाराची कडी तिच्या हाती होती ही गोष्ट लहान नव्हे, आणि पुढं ती हातातून कशी गेली हेही बघण्यासारखं आहे.

कॉलिंगला जागा लागते. दिवाणखाना लागतो, दार उघडायला मोलकरीण लागते, पियानो लागतो, मोकळी आई लागते. शिकागोची लोकसंख्या 1870 मध्ये तीन लाखांच्या आत होती. पुढच्याच वर्षी शहराचा मोठा भाग आगीत जळून गेला, तरीही 1890 मध्ये ती अकरा लाखांच्या घरात होती आणि 1900 पर्यंत सतरा लाखांच्या आसपास पोचली. हे सगळे दिवाणखाने घेऊन थोडेच आले होते! शेतावरून आलेल्या मुली स्टेट स्ट्रीटवरच्या मोठमोठ्या दुकानांत काउंटरमागे उभ्या राहत, कारखान्यात शिवत, आणि टाइपरायटर आल्यापासून कचेऱ्यांतही बसू लागल्या. 1900 पर्यंत अमेरिकेतल्या टंकलेखक-लघुलेखकांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. दुकानातल्या मुलीला आठवड्याला सहा-सात डॉलर मिळत; खोलीभाडं आणि जेवण गेलं की हातात फार काही उरत नसे. खोली म्हणजे पलंग, खुर्ची आणि खुंटी. घरमालकिणीचा पहिला नियम, पुरुष पाहुणे वर येणार नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटवरची 97 नंबरची जुनी इमारत आता संग्रहालय म्हणून जपली आहे. तिथल्या बिऱ्हाडाच्या तीन खोल्या मिळून 325 चौरस फूट भरतात. त्यात आईबाप, पाचसहा पोरं, कधी पोटभाडेकरू आणि शिवणाचं मशीन. अशा घरी मुलगी कुणाला कार्ड घेऊन बोलावणार?

हे सुधारकांच्याही लक्षात आलं होतं. जेन ॲडम्स शिकागोच्या गरीब वस्तीत 1889 पासून हल हाउस चालवत होत्या. 1892 मध्ये त्यांच्या आधारानं कामकरी मुलींनी स्वतः चालवलेलं एक वसतिगृह उभं राहिलं. नाचघरांबद्दल ॲडम्स यांनी काळजीनं लिहिलं, पण पोरींना नावं ठेवली नाहीत. शहरानं तरुणांचे हात कामाला घेतले आणि त्यांच्या करमणुकीची सोय मात्र दारू विकणाऱ्यांवर सोडली, हा त्यांचा राग होता. पुढं काही वसतिगृहांनी भेटायला येणाऱ्यांसाठी छोट्या बैठकाही केल्या, म्हणजे दिवाणखाना लहान करून परत आणायचा प्रयत्न. तोवर तरुण मंडळी रस्त्यावर निघून गेली होती.

आणि माझ्या मते तारखेचं मूळ इथं आहे. घर असलं की वेळ ढिली चालते. 'गुरुवारी आम्ही असतो' एवढं पुरे, सातला या, साडेसातला या, दार तिथंच असतं. घर नसलं की दोन माणसांना नेमक्या त्याच वेळी नेमक्या त्याच कोपऱ्यावर असावं लागतं. तिची सुटी साडेसहाला, त्याची सातला, मालकिणीचं दार दहाला बंद. मधल्या दोनतीन तासांची वाटणी करायची तर वार आणि वेळ पक्की हवी. ज्यांच्याकडे पत्ता होता त्यांनी भेटीला येण्याचं नाव दिलं, ज्यांच्याकडे फक्त रिकामी संध्याकाळ होती त्यांनी संध्याकाळीचं.

घड्याळालाही ते शहर सरावलेलं होतं. अमेरिकेच्या रेल्वे कंपन्यांचे अधिकारी 1883 च्या ऑक्टोबरात शिकागोतच जमले आणि प्रमाणवेळेचे पट्टे त्यांनी तिथं मुक्रर केले. 18 नोव्हेंबरपासून देशभर गाड्या त्या वेळेनं धावू लागल्या. त्याआधी प्रत्येक गावाची दुपार वेगळी. आपल्या मुंबईनं तर भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही हट्टानं 39 मिनिटं मागची स्वतःची वेळ 1955 पर्यंत चालू ठेवली होती. त्या काळात प्रेमात पडलेल्यांनी 'कुठल्या वेळेनं सहा?' असं विचारून घेतलं असेल का, ही माझी एक जुनी शंका आहे.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर सांगते. दादरच्या चाळीत आमचं दोन खणांचं बिऱ्हाड होतं. बाहेरच्या खणात आजोबांची आरामखुर्ची, आतल्या खणात सगळा संसार, आणि समोर कॉमन गॅलरी. तिथून कुणाचा पाहुणा आला-गेला हे साऱ्या मजल्याला कळायचं. मी फोर्टात नोकरीला लागले तेव्हा 'डेट' हा शब्द आम्ही फक्त इंग्रजी सिनेमात ऐकलेला. आम्ही म्हणायचो, 'इंडिकेटरखाली'. चर्चगेटला इंडिकेटरखाली, सहा दहाला. मोबाइल नव्हते. माणूस आला नाही तर करायचं काय याचा नियम ठरलेला होता, दोन फास्ट सोडायच्या आणि तिसरीत चढायचं. आल्यावर काय, तर चालत मरीन ड्राइव्ह, कठड्यावर शहराकडे पाठ करून बसायचं, खारे दाणे, आणि दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटांत परतीची गाडी, कारण घरी 'ओव्हरटाइम' सांगितलेला असायचा. आमचं जे काही जमलं ते पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकात बसवून जमलं. आर्टीचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो मला अनोळखी वाटलाच नाही. सहा दहाची जागा दुसऱ्या कुणी भरणं म्हणजे काय, हे इंडिकेटरखाली उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

रस्त्यावर गेल्यावर पैसा आला. दिवाणखान्यात बसायला तिकीट नव्हतं, नाचघराला होतं. 1905 मध्ये पिट्सबर्गला पाच सेंटांत चलच्चित्र दाखवणारं थिएटर निघालं आणि बघता बघता गल्लोगल्ली तसली थिएटरं झाली. पाच सेंटांत अंधार मिळतो म्हटल्यावर गर्दी व्हायचीच. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1897 ते 1904 या काळात एकामागून एक तीन मोठ्या जत्रा कायमच्या उभ्या राहिल्या, आणि तिथल्या पाळण्यांची, घसरगुंड्यांची रचनाच अशी की बसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडावीत. मुलीकडे जाण्याचं भाडं असलं तरी भागे. पुढचा खर्च मुलगा करी. त्याला 'ट्रीटिंग' म्हणत. तिला अर्धी मजुरी मिळते म्हणून तो खर्च करतो, आणि तो खर्च करतो म्हणून त्याला काहीतरी अपेक्षा असते. काय आणि किती, याची घासाघीस न बोलता चालायची.

हे बघून शहाणी माणसं हादरली. मुलगी परपुरुषाबरोबर हिंडते, तो तिच्यावर पैसे खर्च करतो, मग ही वेश्या नाही तर कोण? न्यूयॉर्कमध्ये 1905 साली नागरिकांची एक 'चौदांची समिती' स्थापन झाली. तिचे गुप्त निरीक्षक नाचघरांत, दारूच्या गुत्त्यांवर बसून टिपणं काढत. त्यांच्या कागदांत 'चॅरिटी गर्ल' अशी एक जातच आहे, म्हणजे पैसे न घेणारी, नुसत्या सिनेमावर, जेवणावर, मौजेवर खूश असणारी. हिला कुठल्या रकान्यात घालावं ते त्यांना कळेना. काही पोरी पकडून सुधारगृहात पाठवल्या गेल्या, त्यांचा गुन्हा काय हे त्यांनाही नीट उमजलं नसेल. हसू येतं, पण फार मोठ्यानं हसायचं कारण नाही. मुंबईत 2015 च्या ऑगस्टमध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसच्या आसपास जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेलं होतं. सज्ञान माणसं, भाडं भरून घेतलेली खोली, दार आतून बंद. आणि त्यांतल्या कित्येकांवर लावलेलं कलम सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचं. जागा नसणाऱ्यांनी जागा विकत घेतली तरी ती सार्वजनिकच ठरते म्हणायची.

शब्द मात्र वर चढत गेला. गरिबांनी गरजेपोटी सुरू केलेलं आणि बड्या घरच्या पोरांनी मजा म्हणून उचललेलं बाहेर भेटणं हळूहळू मधल्या घरांत शिरलं. 1914 मध्ये अमेरिकेतल्या एका अत्यंत सोवळ्या स्त्री-मासिकानं 'डेट' छापला, तो अवतरणचिन्हांच्या चिमट्यात धरून. अर्थ सांगितला नाही. म्हणजे वाचणाऱ्या आयांना तो तोवर ठाऊक झाला होता, फक्त आपल्याला ठाऊक आहे हे कबूल करायचं नव्हतं. 1920 च्या दशकात तिकडे एक किस्सा सांगत. एका तरुणानं शहरातल्या एका मुलीला विचारलं, तुमच्याकडे येऊ का? ती हो म्हणाली. तो घरी बसायच्या तयारीनं आला, आणि बघतो तर ती डोक्यावर टोपी चढवून उभी. म्हणजे निघायचं!

या किश्शावर हसताना सगळे त्याच्या खिशाकडे बघतात. मी तिच्या टोपीकडे बघते. ती बाहेर पडते आहे, आईच्या विणकामाच्या टप्प्यातून निसटते आहे, हे छानच. पण दिवाणखान्यात जे तिचं होतं ते तिनं दारातच ठेवलं. आता बोलावणार तो, कारण बिल भरणार तो. पुढच्या पन्नास वर्षांत मुलींना हेच शिकवलं गेलं की आपण होऊन विचारायचं नाही, फोनची वाट बघायची. त्याच मासिकांनी, जी कधीकाळी 'बोलावल्याशिवाय जाऊ नका' असं मुलांना सांगत होती. मोकळीक मिळाली आणि अधिकार गेला, दोन्ही एकाच संध्याकाळी. हे टाळता आलं असतं का? तिचा पगार त्याच्याइतका असता तर आलं असतं, असं मला वाटतं. बाकीची कारणं मला दुय्यम वाटतात.

हिशेबाची वही मात्र तेव्हापासून सुटली नाही ती नाहीच. एडनंच 1899 मध्ये एका लोकप्रिय मुलीबद्दल लिहून ठेवलं होतं, की तिची डेटबुक द्विनोंदी पद्धतीनं ठेवावी लागे. कॉमर्सवाल्यांना याची गंमत अधिक कळेल, एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. 1937 मध्ये विलार्ड वॉलर या समाजशास्त्रज्ञानं पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींचं वागणं निरखून एक निबंध लिहिला. मुलाची किंमत त्याच्या कपड्यांवर, गाडीवर, नाचण्यावर. मुलीची किंमत ती किती जणांना हवी आहे यावर. वसतिगृहात फोन आला म्हणून मुलीचं नाव पुकारलं, की ती लगेच खाली यायची नाही. चारदा पुकारू द्यायची, म्हणजे बाकीच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. तोवर शब्दानं आणखी एक उडी मारलेली होती, भेटीचं नाव भेटणाऱ्या माणसालाच चिकटलं. 'ही माझी डेट.' वकिलाशी ठरलेल्या भेटीला कुणी 'हा माझा बुधवार' म्हणत नाही, पण प्रेमात पडलेल्यांनी तेही केलं.

शिकागोनं जगाला दिलेलं दुसरं डेटिंग याच्याहून भरवशाचं निघालं. 1940 च्या दशकाच्या शेवटी शिकागो विद्यापीठात विलार्ड लिबी यांनी कार्बनवरून जुन्या लाकडाचं, हाडांचं वय काढायची रीत शोधली, त्यांना 1960 चं नोबेल मिळालं, आणि आपल्याकडचे उत्खननवालेही त्या रीतीनं हजारो वर्षांपूर्वीच्या चुलींचं वय सांगतात. पहिलं डेटिंग ज्याच्या नावावर जमा झालं त्या जॉर्ज एडनं मात्र लग्नच केलं नाही. पैसा भरपूर कमावला, गावाकडे जमीन घेऊन राहिला, 1944 मध्ये वारला. पर्ड्यूच्या मैदानासाठी त्यानं आणि रॉस नावाच्या दुसऱ्या माजी विद्यार्थ्यानं मिळून जमीन मिळवून दिली, म्हणून 1924 पासून ते रॉस-एड स्टेडियम. आपल्याकडची कितीतरी पोरं पर्ड्यूला शिकायला जातात. थंडीत कुडकुडत त्या स्टेडियमात सामना बघताना बाजूला कुणी खास माणूस बसलेलं असेल, तर शेजारच्या पाटीवरच्या नावाशी त्या संध्याकाळचा काय संबंध आहे हे त्यांनी एकमेकांना सांगायला हरकत नाही. बोलायला विषय लागतोच.

माझी भाची पुण्यात नोकरी करते, स्वतंत्र फ्लॅटमध्ये मैत्रिणींबरोबर राहते. दिवाणखाना आहे, मालकीणबाईंचा नियम नाही, तरी ती भेटायला कॅफेतच जाते. मी विचारलं तर म्हणाली, अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी घर कशाला दाखवायचं? म्हणजे आता जागा असूनही तारीखच. मागच्या महिन्यात एकाला भेटून आली, ॲपवर ओळख झालेला. मुलगा बरा होता म्हणे, पुस्तकं वाचणारा, वेटरशी नीट बोलणारा. माझा पुढचा प्रश्न अर्थातच जुन्या वळणाचा होता, पैसे कुणी दिले?

'टीटीएमएम,' ती म्हणाली. तुझं तू, माझं मी. पाच मिनिटांत दोघांनी आपापल्या फोनवरून भरले.

'तो देतो म्हणाला नाही?'

'म्हणाला ना. मीच नको म्हटलं. अगं मावशी, त्यानं दिले असते तर पुढच्या वेळी मला द्यावे लागले असते. आणि पुढची वेळ त्याला द्यायची की नाही, ते अजून माझं ठरलेलं नाहीये.'